वेताळाचे वेषांतर

वेताळ हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर कोण उभा राहतो, यावरून माणसाचे वय आणि त्याचे गाव या दोन्हींचा अदमास बांधता येतो. साठी उलटलेल्या गृहस्थांना ‘चांदोबा’ मासिकातले चित्र आठवते : रात्रीची वेळ, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार. चाळिशी-पन्नाशीतल्यांना दूरदर्शनच्या पडद्यावर राजाच्या पाठीवर बसून खदखदा हसणारा, पांढऱ्या केसांचा म्हातारा आठवतो. विशीतल्या मुलांना बोगद्यातून चालत येणारी मृत शिपायांची पलटण दिसते. आणि पेडणे किंवा डिचोली महालातल्या एखाद्या आजीबाईंना यांपैकी काहीच दिसत नाही. त्या केवळ हात जोडतात.

एकाच नावाची ही चार रूपे. अद्भुताच्या पोथीतले पात्र पडद्यावर आले म्हणजे त्याचे काय होते, या प्रश्नाची चर्चा हल्ली पुष्कळ ऐकू येते. ती बहुधा परदेशी कादंबऱ्या आणि परदेशी मालिका यांच्याविषयी असते. आपल्या घरातले उदाहरण मात्र कोणी विचारात घेत नाही. वास्तविक वेताळाइतकी वेषांतरे क्वचितच दुसऱ्या कोणा पात्राने केली असतील. म्हणून या महिन्याच्या सदरात त्याचीच हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

आरंभ गावापासून करू. हरमल हे गोव्याच्या अगदी उत्तरेचे, पेडणे तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. त्याच्या उत्तरेस केरी, पुढे तेरेखोलची खाडी, आणि पलीकडचा तेरेखोलचा किल्ला ओलांडला की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. आपल्या वाचकांत हरमलकर, मांद्रेकर, केरकर, पेडणेकर अशी आडनावे धारण करणारी घराणी असतील. त्यांचे मूळ या पट्ट्यात आहे. पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. पेडणे महाल मात्र सावंतवाडीकरांकडून १७८८ साली, म्हणजे फार उशिरा, पोर्तुगीज अमलाखाली आला. तोवर धर्मछळाचा जोर ओसरला होता. त्यामुळे इकडची गावऱ्हाटी, गाऱ्हाणी, तरंगे, राखणदार आणि देवचार हे सारे पुष्कळसे शाबूत राहिले.

या गावऱ्हाटीत वेताळाचे स्थान मोठे आहे. गोव्यात त्याला बेताळही म्हणतात. डिचोली तालुक्यातले अमोणे, दक्षिणेस काणकोणातले लोलये आणि पैंगीण ही त्याची प्रसिद्ध ठाणी. जुन्या पाषाणमूर्तींत तो उभा, नग्न, एका हाती खड्ग व दुसऱ्या हाती पात्र घेतलेला असा दिसतो. रूप उग्र खरे. पण काम राखणीचे. रात्री तो गावाच्या सीमेवरून फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. फेरी घालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. वाहिलेल्या वहाणांचे तळ झिजलेले दिसले म्हणजे देव आपल्यासाठी चालला, असे मानायचे. देवाला मुकुट, शालू, नैवेद्य वाहणारे लोक सर्वत्र आहेत. पायपीट करणाऱ्या देवाला पायताण देणारी भक्ती मात्र वेगळ्या जातीची आहे. तीत भीतीबरोबर कामकऱ्याविषयी वाटावी तशी कणवही आहे.

पेडण्याची कोजागरीची पुनव ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही जवळीक निराळी सांगावयास नको. भुतांचा नाथ जो भूतनाथ, तो त्या रात्री आपल्यासाठी देऊळ मागतो, आणि जमलेले हजारो लोक त्याची समजूत घालतात की बांधू, उद्या बांधू. दर वर्षी तो मागतो, दर वर्षी त्याची समजूत काढली जाते. भूतनाथ आणि वेताळ हे दोन देव निराळे. पण दोघांशीही गावाचा व्यवहार बोलण्याचा, मागण्याचा आणि वचन देण्याचा आहे. पळून जाण्याचा नाही.

आता पोथीतला वेताळ पाहू. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोरंजनार्थ ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नव्हे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. तो आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज दरबारी येऊन त्याला एक फळ देतो. एके दिवशी ते फळ माकडाच्या हाती पडते, आणि फळात रत्न असल्याचे उघडकीस येते. उपकाराने बांधलेला राजा भिक्षूच्या सांगण्यावरून कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो आणि शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो. त्या प्रेतात वेताळाचा संचार आहे. वाट कंठावी म्हणून वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि अट घालतो : उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर मस्तक फुटेल. राजा बोलतो, त्याचे मौन मोडते, आणि प्रेत पुन्हा झाडावर.

या रचनेतली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. राजाचे काम मौनाने साधणार आहे. परंतु सत्य ठाऊक असताना गप्प राहणे त्याला नाकारलेले आहे. म्हणून तो तेवीस वेळा स्वतःच्या कामाचे नुकसान करून खरे उत्तर देतो. शेवटचे कोडे नात्यांचे आहे. बापाचे लग्न मुलीशी आणि मुलाचे लग्न तिच्या आईशी झाले, तर त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते कोणते? या वेळी राजाला उत्तर सुचत नाही, आणि तो प्रामाणिकपणे गप्प राहतो. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार कर म्हणून त्याने सांगितले, तर तो कसा करायचा ते आधी त्यालाच करून दाखवायला सांग. राजा तसे करतो आणि भिक्षूचे मस्तक उडवतो. म्हणजे पोथीतला वेताळही अखेरीस राखणदारच ठरतो. ज्याला आपण रात्रभर ओझे समजून वाहिले, तोच आपला हितकर्ता निघतो.

पोथीच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. राजा वर मागतो की या कथा जगात विख्यात व्हाव्यात. वेताळ तो देतो आणि वर सांगतो की जेथे या कथा सांगितल्या जातील तेथे यक्ष, वेताळ, राक्षस यांची सत्ता चालणार नाही. गावाची सीमा वेताळ चालून राखतो, घराची सीमा त्याची गोष्ट सांगून राखली जाते. अमोण्याचा देव आणि काश्मीरची पोथी यांचा संबंध इतिहासकार कसा लावतील तो लावोत. पण राखणीच्या या एका कामात दोघांचे एकमत आहे.

पुढे वेताळाचा प्रवास सुरू झाला. निरनिराळ्या संस्कृत पाठांतून आणि देशी भाषांतून त्रिविक्रमसेन मागे पडला व त्याच्या जागी विक्रमादित्य आला. पैठण जाऊन उज्जयिनी आली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्तानी ‘बैताल पचीसी’ सिद्ध झाली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० च्या सुमारास आली. १८७० साली रिचर्ड बर्टनने या कथांचे इंग्रजी रूपांतर केले आणि त्याला नाव दिले ‘विक्रम अँड द व्हँपायर’. हा बर्टन तरुणपणी गोव्यात येऊन गेला होता आणि १८५१ साली त्याने गोव्यावर पुस्तकही लिहिले होते. पण वेताळाला त्याने दिलेले नाव युरोपातल्या रक्तपिपासू भुताचे. पोथीतला वेताळ कोणाचे रक्त पीत नाही. तो प्रश्न विचारतो. एका शब्दाच्या भाषांतरात पात्राचा स्वभाव कसा बदलतो याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९४७ साली मद्रासेत बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी सुरू केलेले ‘चंदामामा’ मराठीत ‘चांदोबा’ या नावाने घरोघरी पोहोचले. पोथीच्या पंचवीस कथा संपल्यानंतरही मासिकाच्या लेखकांनी त्याच चौकटीत नवनव्या कथा रचल्या. चित्रकार शंकर यांनी काढलेले विक्रम-वेताळाचे चित्र तर मुलांच्या मनावर कायमचे कोरले गेले. बृहन्महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी मराठी वाचन या मासिकावरच केले. इथे वेताळाचा उग्रपणा कमी झाला, परंतु प्रश्न कायम राहिला. आणि पान उलटण्याआधी आपण उत्तर देऊन पाहण्याची सोयही राहिली.

१९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आली. अरुण गोविल विक्रम झाले, सज्जन हे ज्येष्ठ अभिनेते बेताळ. ‘रामायण’ मालिकेच्या आधीची ही पायरी. पुढे राम आणि सीता म्हणून देशाने ज्यांना ओळखले ते अरुण गोविल व दीपिका चिखलिया दोघेही येथे आधी दिसले. मालिका लोकप्रिय झाली ती योग्यच झाली. सज्जन यांच्या हसण्यात मिस्किलपणा होता आणि मुले त्याला भीत भीत हसत. पण पात्रांत काय फरक पडला तो पाहू.

पहिला फरक प्रेताचा. पोथीत प्रेत निराळे आणि त्यात शिरलेला वेताळ निराळा. राजाच्या खांद्यावर जड, थंड, मुके ओझे आहे, आणि त्या मुक्या ओझ्यातून आवाज येतो. भय आहे ते यात. पडद्यावर प्रेत नाहीसे झाले आणि पाठीवर बसणारा, हातवारे करणारा एक बोलका म्हातारा उरला. मुलांच्या कार्यक्रमात याहून वेगळे करता आले असते असे नाही. तथापि ओझे गेले म्हणजे राजाची चिकाटीही हलकी झाली.

दुसरा फरक राजाचा. पोथीतला राजा प्रत्येक उत्तराने स्वतःचे नुकसान करून घेतो, हे वाचकाला सतत जाणवते. मालिकेत दर आठवड्याला नवी कथा; चौकट म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची दोन-चार मिनिटे. राजाचे झाडाकडे परत जाणे हा नेहमीचा, अपेक्षित विनोद झाला. सत्य बोलण्याची किंमत हा जो कथेचा कणा, तो सवयीने झिजला.

तिसरा फरक कथांतल्या माणसांचा. सोमदेवाच्या जगात शृंगार आहे, कपट आहे, चोरावर जीव जडवणाऱ्या मुली आहेत, मूर्ख विद्वान आहेत. तीन वरांची गोष्ट घ्या. मंदारवती मरते. एक वर तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत जाऊन संजीवनीचा मंत्र आणतो आणि ती उठते. मग ती कोणाची? जीव देणारा तो पिता, अस्थी नेणारा तो पुत्र, राखेला कवटाळून राहिला तो पती, असा राजाचा निवाडा. तो आपल्याला पटेल किंवा न पटेल; निवाड्याशी भांडता यावे हीच त्या कथेची खुमारी आहे. घरगुती प्रक्षेपणाला मात्र भांडणापेक्षा बोध सोयीचा पडतो. बोधासाठी माणसे सज्जन आणि दुर्जन अशा दोन रांगांत उभी करावी लागतात.

पात्र बदलले म्हणजे बिघडलेच, असे मात्र कोणी समजू नये. याच पंचविशीतली मस्तकांच्या अदलाबदलीची कथा पाहा. सोमदेवात मदनसुंदरीचा पती आणि भाऊ देवीपुढे शिर अर्पण करतात. ती गडबडीत एकाचे मस्तक दुसऱ्याच्या धडाला लावते. पुढच्या काही पाठांत भावाच्या जागी पतीचा मित्र आला. त्यावरून जर्मन लेखक टॉमस मान याने १९४० साली कादंबरिका लिहिली, आणि गिरीश कार्नाडांनी १९७१ च्या सुमारास कन्नडमध्ये ‘हयवदन’ नाटक. त्याचे मराठी रूपांतर केले चिं. त्र्यं. खानोलकरांनी, म्हणजे तेरेखोलपलीकडच्या वेंगुर्ले-कुडाळच्या मातीतल्या कवीने; आणि विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. मूळ कथेत राजा एका वाक्यात सांगतो : मस्तक श्रेष्ठ, म्हणून मस्तक ज्याचे तो पती. कार्नाडांनी तेच उत्तर उलटे तपासले. धड मस्तकाचे ऐकते का? आणि त्या स्त्रीला काय हवे होते? पोथीतली चुकून शिरे लावणारी बाई नाटकात स्वतःच्या इच्छेची, स्वतःच्या दुःखाची धनीण झाली. वेताळ नाटकात कोठेच नाही. पण त्याचा प्रश्न सबंध नाटकभर आहे. पात्र बदलले आणि वाढले.

अलीकडची दोन रूपे थोडक्यात सांगतो. २०१८ साली एका वाहिनीवर ‘विक्रम बेताल की रहस्य गाथा’ आली. तीत मकरंद देशपांडे या मराठी नटाने वेताळ केला. मग २०२० साली ‘बेताल’ नावाची मालिका आली, तीत इंग्रज पलटणीची प्रेते डोंगराखालच्या बोगद्यातून उठून माणसे फाडतात. येथे नाव तेवढे आपले. बाकी सारे परदेशी भयपटांतले. प्रश्न नाही, उत्तर नाही, राखण तर नाहीच. सोळाव्या शतकात परक्यांनी ज्या देवांना सैतान ठरवले, त्यांच्यापैकी एकाला एकविसाव्या शतकात आपणच आपल्या हातांनी पिशाच्च करून दाखवावे, ही गोष्ट मनाला लागते.

तरीही दोष केवळ पडद्याला देऊन भागणार नाही. पेडणे भागात जत्रांच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळ्या येतात. त्यांच्याजवळ लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेश ठरतात, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. कालचा रावण आजच्यासारखा नसतो. एका गावातली द्रौपदी दुसऱ्या गावात निराळे बोलते. म्हणजे पात्र रोज बदलते. मग तेथे ते बिघडत का नाही? दोन कारणे दिसतात. एक तर पुढे बसलेल्या प्रेक्षकाला मूळ कथा पाठ असते. नट भरकटला की तो कुजबुजतो, आणि नटाला ते ऐकू जाते. दुसरे, पहाट झाली की त्या रात्रीचा रावण विरून जातो आणि पुढच्या रावणाला जागा मोकळी होते. पडद्यावरचे रूप विरत नाही. ते एकदा ठसले की शेजारच्या साऱ्या रूपांना हुसकावते. आणि ज्याने मूळ कथा ऐकलीच नाही त्याला कुजबुजणार तरी कशाच्या आधारे?

येथे आपल्यासारख्या मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न येतो. गावातल्या मुलाला पडद्यावरचे प्रेत दिसले तरी देवळाकडची वाट, वहाणांची रास आणि आजीचे जोडलेले हात हेही दिसत असतात. त्याच्याजवळ ताडून पाहण्यास दुसरे काही आहे. बडोदे, इंदूर, बंगळूर किंवा त्याहून दूर वाढणाऱ्या आपल्या नातवंडांजवळ पडदा तेवढा आहे. त्यांच्यापुरता पडद्यावरचा वेताळ हाच वेताळ. पुढे कधी ती पेडण्याला किंवा अमोण्याला गेली आणि कुळाच्या गावी कोणी सांगितले की हा आपला राखणदार, तर ती दचकतील, कदाचित हसतील. एका पिढीत आपला रक्षक आपल्याच मुलांना भयंकर वाटू लागतो, याहून मोठे पात्रांतर कोणते?

आणि गावही थांबलेले नाही. हरमलच्या गोड्या तळ्यामागे रानात एक विशाल वड आहे. त्याच्याखाली अनेक वर्षे परदेशी प्रवासी ध्यान लावून बसतात. मोपा येथला विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला, आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनीचे मोल बदलले. ज्या सीमेवरून वेताळ फेरी घालतो ती सीम आता कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न गावोगाव विचारला जात आहे. जमीन जाते ती कागदावर; पण तिच्या राखणदाराचा अर्थ आधीच विसरला गेला असेल, तर ती जाताना खंत वाटणारेही कमी उरतात.

यावर उपाय मालिका बंद करण्याचा नाही. मुले पाहतील, आपणही पाहतो. उपाय जुनाच आहे आणि त्याला खर्च नाही. पंचविशीतली एक कथा आठवड्याला घरात मराठीत मोठ्याने सांगावी. प्रश्नापाशी आल्यावर थांबावे आणि राजाचे उत्तर लगेच सांगू नये. मुलांना आधी निवाडा करू द्यावा, त्यांना एकमेकांशी आणि आपल्याशीही भांडू द्यावे. राजाचे उत्तर त्यांना पटले नाही तर ते पटवून देण्याची घाई करू नये. सोबत हेही सांगावे की हा राजा पैठणचा होता, आणि हा वेताळ ज्याचे नाव घेतो तो देव आपल्या मुलखात रात्री पायी फिरतो, म्हणून लोक त्याला वहाणा वाहतात. मग त्याच मुलांनी नवी मालिका खुशाल पाहावी. ती पाहताना ‘हा प्रश्न का विचारत नाही?’ असे त्यांच्यापैकी एकाने जरी विचारले, तरी दशावताराच्या मांडवातला तो जाणता, कुजबुजणारा प्रेक्षक आपल्या घरात तयार होऊ लागला असे समजावे.